विश्लेषण : ‘लॉकआऊट’ म्हणजेही टाळेबंदी, ‘लॉकडाऊन’ म्हणजेही टाळेबंदी... जुन्या मराठी वृत्तपत्रांनी इंग्रजी शब्दांचे काय केले?

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर ‘लॉकडाऊन’ जाहीर झाला आणि मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एक जुना शब्द परत आला, ‘टाळेबंदी’. तरुण वाचकांना तो नवा वाटला, कोणी त्याला अवघडही ठरवले. पण लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या पिढीला तो पाठ होता. त्यांच्या लेखी टाळेबंदी म्हणजे गिरणीच्या बंद गेटवर चिकटवलेली मालकाची नोटीस. म्हणजे ‘लॉकडाऊन’ नव्हे, ‘लॉकआऊट’. एकच मराठी शब्द दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांसाठी वापरला गेला आणि त्यात कोणालाही चूक दिसली नाही. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत असे कितीतरी इंग्रजी शब्द मराठी वृत्तपत्रांतून आत आले. काही तसेच राहिले, काहींना मराठी कपडे चढवले गेले, काहींचा अर्थ वाटेत बदलला. जुना अंक उघडून वाचताना हा बदल लक्षात घेतला नाही, तर बातमी वेगळीच वाचली जाते.

टाळे नेमके कोणी लावले?

‘लॉकआऊट’ हा शब्द भारतात कायद्यातून पक्का झाला. १९२९ च्या ‘ट्रेड डिस्प्यूट्स ॲक्ट’मध्ये संप आणि लॉकआऊट या दोन्हींची व्याख्या होती. पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ती आली. संपात कामगार काम थांबवतो, लॉकआऊटमध्ये मालक. तोही तात्पुरता. गिरणी कायमची बंद करणे याला कायद्यात वेगळा शब्द आहे, ‘क्लोजर’.

मराठीत त्याचे ‘टाळेबंदी’ झाले. टाळे दिसते, गेट दिसते, बाहेर उभा राहिलेला माणूसही दिसतो. मात्र ‘क्लोजर’साठी वृत्तपत्रे बहुतेक वेळा नुसते ‘गिरणी बंद’ लिहीत, आणि इथे घोटाळा होतो. कारण ‘बंद’ म्हणजे मुंबई बंदही, आजच्यापुरती बंदही आणि कायमची बंदही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळातले अंक वाचताना ‘गिरणी बंद’ या दोन शब्दांवर थांबावे लागते. संपामुळे बंद, मालकाने टाळे लावले म्हणून बंद, की पुन्हा कधीच न उघडण्यासाठी बंद? वाचकाला तेव्हा संदर्भ माहीत असे. आज बातमीच्या शेवटापर्यंत जावे लागते, आणि तरीही कधी कधी उलगडा होत नाही.

‘लॉकडाऊन’चे मूळ याहून निराळे आहे. अमेरिकी तुरुंगांत गडबड झाली की कैद्यांना कोठड्यांत डांबून ठेवतात, त्याला हा शब्द होता. म्हणजे लॉकआऊटमध्ये माणूस टाळ्याच्या बाहेर राहतो आणि लॉकडाऊनमध्ये आत. मराठीने दोन्हींना एकच नाव दिले, याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. २०२० मध्ये उपसंपादकाला मथळ्यासाठी तयार, ओळखीचा आणि गंभीर वाटणारा शब्द हवा होता, तो हाताशी होता.

‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली का?

आज मोबाइलवर ‘अमुक कंपनीत लेऑफ’ अशी बातमी आली की अर्थ एकच घेतला जातो, माणसांना काढले. सत्तरच्या दशकातल्या वृत्तपत्रात हाच शब्द दिसला तर तो अर्थ घेऊ नका.

१९४७ च्या कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली आणि ‘ले-ऑफ’ची व्याख्या आली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल कमी पडला, माल साठून राहिला, यंत्र मोडले, तर मालक कामगाराला तात्पुरते काम देऊ शकत नाही, ही झाली ले-ऑफची स्थिती. कामगाराचे नाव मस्टरवर कायम राहते. किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद होती. पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला ती लागू नव्हती.

त्यात एक अट अशी की, काम नसले तरी कामगाराने ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजेरी लावायची. नाही लावली तर भरपाई नाही. म्हणजे ‘ले-ऑफ’मधला माणूस रोज सकाळी डबा न घेता का होईना, गेटपर्यंत जात असे. वीजकपातीच्या दिवसांत ‘ले-ऑफ’ अशी बातमी आली तर त्या घरात अर्धा पगार येणार एवढे कळत असे. नोकरी गेली असे कोणी म्हणत नसे.

नोकरी जाण्यासाठी वेगळा शब्द होता, ‘रिट्रेंचमेंट’. वृत्तपत्रे त्याला ‘नोकरकपात’ किंवा ‘कामगार कपात’ म्हणत. त्यासाठी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार अशी भरपाई होती. दोन शब्द, दोन हिशेब. अमेरिकी इंग्रजीतही ‘लेऑफ’ हा आधी तात्पुरत्या विश्रांतीचाच शब्द होता, तिथे तो हळूहळू कायमच्या कपातीकडे सरकला. आपण तो सरकलेला अर्थ माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या बातम्यांतून जसाच्या तसा उचलला. ‘नोकरकपात’ हा सरळ शब्द हाताशी असताना ‘लेऑफ’ लिहिण्यात काय मिळाले, हे सांगणे कठीण आहे. एक तोटा मात्र दिसतो. ज्या शब्दामागे निम्म्या पगाराचा हक्क उभा होता, तोच शब्द आज हक्काविना वापरला जातो.

याच कायद्यात उलट दिशेचा एक प्रवासही आहे. इंग्रजीत लिहिलेल्या कलमात ‘बदली’ हा शब्द सरळ बसला आहे, गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला तो ‘बदली वर्कमन’. गिरणगावातली बोली थेट देशाच्या कायद्यात गेली. तरतूद मात्र त्याच्या बाजूची नव्हती. बदली कामगाराला ले-ऑफची भरपाई नाही.

बातमी इंग्रजीत यायची, मग काय व्हायचे?

हे शब्द भाषातज्ज्ञांच्या समितीत बसून ठरले नाहीत. बहुतेक रात्री ठरले. आधी रॉयटरच्या तारा, १९४९ नंतर पीटीआयचा टेलिप्रिंटर, बाहेरगावची आणि परदेशची बातमी इंग्रजीतच येत असे. टेबलावर कागदाची लांब भेंडोळी, समोर उपसंपादक आणि पलीकडे खिळ्यांची जुळणी करणारे कंपोझिटर. आवृत्ती सोडायची वेळ ठरलेली. ‘आयर्न कर्टन’ला काय म्हणायचे, हा विचार करायला काही मिनिटे मिळायची. कोणी ‘पोलादी पडदा’ लिहिले आणि ते टिकले. लोखंडाचे पोलाद झाले याची तक्रार कोणी केली नाही. ‘कोल्ड वॉर’चे शीतयुद्ध, ‘फिफ्थ कॉलम’वाल्यांचे पंचमस्तंभी, ‘व्हाइट पेपर’ची श्वेतपत्रिका, ‘रेड टेप’ची लाल फीत, ‘ब्लॅक मार्केट’चा काळा बाजार. ‘राऊंड टेबल कॉन्फरन्स’ची गोलमेज परिषद झाली, तीत ‘मेज’ हा शब्द तरी कुठे अस्सल मराठी होता?

रोमन अक्षरे मजकुरात घालणे ही डोकेदुखी होती. देवनागरीच्या जुळणीला आधीच शेकडो वेगवेगळे खिळे लागत, रोमनची पेटी निराळी. त्यामुळे इंग्रजी शब्द यायचा तो देवनागरीतूनच, आणि देवनागरीत आला की मराठी व्याकरणाच्या ताब्यात जायचा. फाईलच्या फायली, बँकेच्या बँका, मोटारच्या मोटारी, कोर्टाने, कलेक्टरांनी. शब्द परका असला तरी विभक्ती घरची. आज ‘फाईल्स’ आणि ‘बँक्स’ लिहिणारे त्या कंपोझिटरपेक्षा जास्त इंग्रजी शिकलेले असतील, पण बहुवचन त्याला अधिक सहज जमत होते.

‘बॉयकॉट’ला ‘बहिष्कार’ म्हटले, तेव्हा काय घडले?

या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा प्रवास याच शब्दाचा आहे.

१८८० साली आयर्लंडमध्ये चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी आणि गावाने सगळे व्यवहार तोडले. त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरोधात ते हत्यार भारतात वापरले गेले आणि मराठी वृत्तपत्रांना त्यासाठी शब्द हवा होता. ‘केसरी’ने आणि इतरांनी जो शब्द रूढ केला तो होता ‘बहिष्कार’. स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि बहिष्कार अशी ती चतुःसूत्री.

पण ‘बहिष्कार’ हा कोरा शब्द नव्हता. तो जातीचा शब्द होता. जातिनियम मोडणाऱ्याला जातीबाहेर टाकायचे, त्याच्याशी रोटी-बेटी बंद करायची, ग्रामण्य चालवायचे, हा त्याचा नेहमीचा अर्थ. आणि तो कोणाला लागू होऊ शकतो, याचा अनुभव खुद्द टिळकांना होता. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली आणि तिथल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले. नावे वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. त्याच शब्दाला पंधरा वर्षांनी परकीय कापडाविरुद्धचे राष्ट्रीय हत्यार म्हणून मान मिळाला.

ज्यांना या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी मात्र तो हत्यार नव्हता, रोजची स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. ३ एप्रिल १९२७ ला सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. इंग्रजी कारभारात ज्यांना ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणत, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी निवडलेला शब्द ‘बहिष्कृत’. याच इंग्रजी शब्दासाठी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चे मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे होते. ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आधार नाही, तर ‘बहिष्कृत’ म्हणजे ज्याला कोणीतरी बाहेर काढले. पहिल्या शब्दात मदतीची हाक आहे, दुसऱ्यात आरोप आहे. इंग्रजी मूळ एकच.

आता १९२८ साल पाहा. ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईत उतरले. काँग्रेसने त्यावर बहिष्कार पुकारला. त्याच कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले निवेदन दिले आणि ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी पुण्यात साक्ष दिली. बहिष्कार घालणारे एका बाजूला आणि बहिष्कृत दुसऱ्या बाजूला. इंग्रजीत यातला एक शब्द ‘बॉयकॉट’ आहे आणि दुसरा ‘डिप्रेस्ड’, त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही. मराठीत ते एकाच शब्दाच्या दोन बाजू होऊन समोरासमोर उभे राहतात. त्या वर्षीच्या मराठी अंकांतून हा ताण जितका थेट दिसतो तितका इंग्रजी वृत्तपत्रांतून दिसणे शक्यच नव्हते.

काँग्रेसचेही तसेच. जुन्या ‘केसरी’त तिला बरेचदा ‘राष्ट्रीय सभा’ म्हटलेले आढळते. ‘काँग्रेस’ हे नुसते नाव होऊन राहिले, ‘सभा’ म्हटले की तिथे कोण बसले आणि कोण नाही, हा प्रश्न आपोआप येतो.

शब्दांच्या भाषांतरावरून खटला?

१९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्या लेखमालेत ‘बॉम्बगोळ्याचे रहस्य’ असे शीर्षक आहे. ‘बॉम्ब’ हा तेव्हा नवा शब्द, म्हणून त्याला ‘गोळा’ची जोड. मुळात दोन्हींचा अर्थ जवळजवळ तोच, पण वाचकाला हात धरून पुढे न्यायची ही जुनी रीत होती. नवा शब्द घ्यायचा आणि शेजारी ओळखीचा बसवायचा.

खटला मात्र उलट भाषांतरावर चालला. मराठी लेखांचे सरकारी इंग्रजी भाषांतर ज्युरीपुढे ठेवले गेले. ते अनेक ठिकाणी चुकीचे आणि मूळ शब्दांपेक्षा जहाल आहे, असा मुद्दा टिळकांनी बचावाच्या भाषणात सविस्तर मांडला. इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द नुकतेच घडत होते, ते पुन्हा इंग्रजीत नेताना कोणता अर्थ धरायचा, यावर माणसाची शिक्षा अवलंबून होती. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. सहा वर्षे मंडाले.

शुद्धीच्या चळवळीचे काय झाले?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी इंग्रजी आणि फारसी शब्दांना मराठी पर्याय देण्याची मोहीम चालवली, माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिले. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे महापौर, दिनांक, अर्थसंकल्प, चित्रपट हे शब्द आज कोणालाही घडवलेले वाटत नाहीत. फाउंटन पेनसाठी ‘झरणी’ आणि रिपोर्टसाठी ‘प्रतिवृत्त’ मात्र रुजले नाहीत. फरक साधा आहे. महापौर आणि अर्थसंकल्प रोज बातमीत लागत होते, पेन खिशात होते आणि तिथे ते ‘पेन’च राहिले.

१९६० नंतर राज्याचा कारभार मराठीत आणण्यासाठी भाषा संचालनालय आले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले आणि विनोद कोशापेक्षा जास्त लक्षात राहिला. पण ‘जिल्हाधिकारी’ त्याच काळात वृत्तपत्रांत पक्का बसला. गावात अजूनही ‘कलेक्टर’ला निवेदन दिले जाते, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ते ‘जिल्हाधिकाऱ्यांना’ दिलेले असते.

‘आणीबाणी’ आधी नव्हती का?

होती. अगदी साधा शब्द होता. आणीबाणीची वेळ म्हणजे अडचणीची, कसोटीची वेळ, घरातही कोणी सहज म्हणत असे. १९६२ च्या युद्धकाळातही राष्ट्रीय आणीबाणी होती. २५ जून १९७५ नंतर मात्र तो शब्द एका काळाचे नाव झाला. ‘इमर्जन्सी’चे इंग्रजीत तसे झाले नाही, रुग्णालयाच्या दारावर ती पाटी आजही निरुपद्रवी आहे. मराठीत रुग्णालयाने ‘आणीबाणी विभाग’ लिहिले तर वाचणारा दचकेल. त्याच वेळी १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याची इंग्रजी आद्याक्षरे ‘मिसा’ अशी देवनागरीत आली आणि तिला मराठी शेपूट फुटले, ‘मिसाबंदी’. ‘सेन्सॉर’ला मात्र कोणी बदलले नाही. ज्या वृत्तपत्रांना तो रोज सोसावा लागला, त्यांनीच त्याला परका ठेवला, हे बरेच बोलके आहे.

जुने अंक मोबाइलवर शोधताना...

जुनी वृत्तपत्रे आता हळूहळू स्कॅन होऊन उपलब्ध होत आहेत. घराण्यातल्या कोणाची बातमी, गावातला संप, आजोबांची गिरणी शोधायची तर आजचे स्पेलिंग उपयोगी पडत नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ची चिन्हे पक्की होण्यापूर्वी कॉलेज ‘कालेज’ होते, डॉक्टर ‘डाक्टर’, लॉर्ड ‘लार्ड’, बँक ‘ब्यांक’ आणि गॅस ‘ग्यास’. नावापुढे ‘श्री.’ऐवजी ‘रा. रा.’ असेल, म्हणजे राजमान्य राजश्री. कौन्सिलच्या सभासदांपुढे ‘ना.’ म्हणजे नामदार, जसे ना. गोखले. ‘स्ट्राइक’ शोधून हाती फारसे लागणार नाही, ‘संप’ शोधा. ‘शिफ्ट’ नव्हे, ‘पाळी’. ‘रेशन’बरोबर ‘शिधावाटप’ही. ‘ले-ऑफ’ सापडला तर पुढची ओळ वाचल्याशिवाय आजोबांची नोकरी गेली असे समजू नका. आणि ‘मुंबईत टाळेबंदी’ असा शोध घेतलात, तर निकालात गिरणीचे गेट आणि २०२० ची ओस पडलेली मरीन ड्राइव्ह एकाखाली एक येतील. आधी अंकाची तारीख पाहा.